धातुचूर्ण-लेसर निर्मिती व तिचे पेटंट-परीक्षण

धातूच्या बारीक चूर्णाचा पातळ थर पसरून त्यावर लेसर शलाका फिरवावयाची, शलाकेच्या उष्णतेने वितळलेला भाग थिजला की त्यावर दुसरा थर पसरावयाचा आणि अशा शेकडो किंवा हजारो थरांतून एकसंध धातूची वस्तू उभी करावयाची, या पद्धतीस धातुचूर्ण-लेसर निर्मिती म्हणतात. व्यवहारात तिला धातूचे त्रिमितीय मुद्रण असेही नाव पडले आहे. थराची जाडी सामान्यतः ०·०२ ते ०·०६ मिमी. असते. चूर्णाचे कण गोलसर व सु. १५ ते ४५ मायक्रॉन व्यासाचे असतात. धातूचे ऑक्सिडीभवन होऊ नये म्हणून सर्व क्रिया आर्गॉन किंवा नायट्रोजन वायूने भरलेल्या बंद कक्षात चालते. लेथवर किंवा मिलिंग यंत्रावर ठोकळ्यातील नको तो भाग काढून टाकून वस्तू घडते, ओतकामात साच्याची आवश्यकता असते. येथे ठोकळाही लागत नाही व साचाही लागत नाही. पोकळ्या, वळणदार नलिका, जाळीदार भिंती असे अन्य रीतींनी दुःसाध्य असलेले आकार या पद्धतीने एकाच कामात तयार होतात.

या पद्धतीचा इतिहास जितका प्रयोगशाळांतून घडला, तितकाच तो पेटंट कार्यालयांच्या कपाटांतून घडला आहे. शोधाचे संपूर्ण वर्णन लोकांपुढे ठेवण्याच्या मोबदल्यात शोधकास त्या शोधाचा ठराविक मुदतीपुरता एकाधिकार द्यावयाचा, हे पेटंटाचे (एकस्वाचे) मूलतत्त्व होय. मागितलेला अधिकार देण्याजोगा आहे की नाही व असल्यास किती व्याप्तीपर्यंत, हे शासनाचा तांत्रिक अधिकारी तपासतो. या तपासणीस पेटंट-परीक्षण म्हणतात. ‘लेसरच्या साहाय्याने धातूच्या चूर्णापासून थरावर थर चढवून वस्तू बनविणे’ एवढाच मोघम दावा जर मान्य झाला, तर चूर्ण आणि लेसर वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याला वीस वर्षे एकाच मालकाच्या परवानगीची वाट पाहावी लागेल. उलट खरोखर नवे असे काही अर्जात असूनही तो फेटाळला गेला, तर शोधकाची मेहनत वाया जाते आणि पुढच्या वेळी तो आपली रीत गुपित ठेवणेच पसंत करतो. परीक्षकाच्या एका शब्दाने, उदा., ‘वितळविणे’ याऐवजी ‘संपूर्ण जाडीत वितळविणे’ असा फरक करावयास लावल्याने, या दोन्ही टोकांमधील रेषा ठरते.

हा प्रश्न केवळ विमानांचे भाग बनविणाऱ्या परदेशी कंपन्यांचा नाही. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडी येथील औष्णिक विद्युत् केंद्राचे उदाहरण घेता येईल. येथील १२० मेगॅवॉटचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. जुने लहान संच कालांतराने सेवेतून काढून टाकण्यात आले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगॅवॉटचे तीन संच कार्यान्वित झाले. हे संच अतिक्रांतिक प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांतील वाफेचा दाब पाण्याच्या क्रांतिक दाबापेक्षा (सु. २२१ बार) अधिक असतो. असल्या टरबाइनांच्या शेवटच्या टप्प्यातील लांब पात्यांच्या कडा ओल्या वाफेतील जलबिंदूंच्या माऱ्याने झिजतात, तर बाष्पित्राच्या नळ्यांना कोळशाच्या राखेचे घर्षण सोसावे लागते. झिजलेल्या कडेवर कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे चूर्ण लेसरने वितळवून बसविणे ही जगभर रूढ झालेली दुरुस्तीची रीत आहे व ती धातुचूर्ण-लेसर निर्मितीची सख्खी बहीण होय. दुरुस्ती करणाऱ्या कार्यशाळेला कोणाचे स्वामित्व-शुल्क द्यावे लागते व कोणाचे नाही, हे अखेर कोठेतरी एखाद्या परीक्षकाने कोणत्या दाव्यावर कोणता आक्षेप घेतला होता यावर अवलंबून असते.

पूर्वेतिहास : चूर्ण, उष्णताशलाका व थर या तीन गोष्टी एकत्र आणण्याची कल्पना कोणा एकाची नाही. प्येर सिरो या फ्रेंच संशोधकाने केलेला एक अर्ज पश्चिम जर्मनीत ५ जुलै १९७३ रोजी प्रसिद्ध झाला. वितळू शकणाऱ्या कोणत्याही पदार्थाचे चूर्ण शलाकेखाली आणून त्याचे थर चढवीत वस्तू बनविण्याची रीत त्यात वर्णिली होती. त्या काळचे लेसर व संगणक पाहता ही कल्पना कागदावरच राहिली. परंतु पेटंटाच्या जगात कागदावर राहिलेली कल्पनाही मृत नसते. प्रसिद्ध झालेले वर्णन पुढच्या प्रत्येक अर्जदाराच्या वाटेत उभे राहते. अमेरिकेतील रॉस हाउसहोल्डर यांनी ३ डिसेंबर १९७९ रोजी केलेल्या अर्जास २७ जानेवारी १९८१ रोजी पेटंट मिळाले. त्यात चूर्णाचे थर पसरून निवडक भागच उष्णतेने घट्ट करण्याचे वर्णन असून उष्णतेचे साधन म्हणून लेसरचाही उल्लेख आहे. त्याच सुमारास युनायटेड टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या ब्राउन, ब्राइनन व किअर या तिघांनी धातूचे चूर्ण किंवा तार शलाकेखाली सोडून गॅस टरबाइनचे भाग थराथराने उभे करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले (१९८२).

जपानमधील नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी १९८० मध्ये प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव राळेपासून थरांची वस्तू बनविली व त्यासाठी अर्जही केला. पण तो पुढे चालविला गेला नाही. फ्रान्समध्ये तिघा संशोधकांनी १६ जुलै १९८४ रोजी तशाच पद्धतीसाठी अर्ज केला व त्यांच्या संस्थांनी नंतर तो सोडून दिला. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी ८ ऑगस्ट १९८४ रोजी, म्हणजे फ्रेंच अर्जानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, अर्ज केला व ११ मार्च १९८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. या उद्योगाचा जनक म्हणून आज नाव घेतले जाते ते हल यांचे. कल्पना सुचणे आणि अर्ज शेवटास नेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या तीन प्रकरणांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसून येते.

चूर्णाच्या वाटेवरचे पुढचे महत्त्वाचे नाव कार्ल डेकार्ड यांचे. टेक्सस विद्यापीठात (ऑस्टिन) विद्यार्थी असताना त्यांनी केलेल्या कामावरून १७ ऑक्टोबर १९८६ रोजी अर्ज दाखल झाला व ५ सप्टेंबर १९८९ रोजी पेटंट मिळाले. त्यांची पद्धत ‘निवडक लेसर सिंटरिंग’ म्हणून ओळखली जाते. सिंटरिंग म्हणजे कण संपूर्णपणे न वितळविता उष्णतेने एकमेकांस सांधणे. प्लॅस्टिकच्या चूर्णाला ही रीत उत्तम लागू पडली. धातूच्या बाबतीत मात्र अडचण आली. शुद्ध धातूचे चूर्ण नुसते सांधले तर वस्तू सच्छिद्र व कमकुवत होते. ते पूर्ण वितळविले तर पृष्ठताणामुळे द्रव धातूचे गोळे बनतात, थर सपाट राहत नाही, थंड होताना वस्तू वाकते. म्हणून १९९० नंतरच्या दशकात आडवाटा काढण्यात आल्या. एक म्हणजे पोलादाच्या कणांवर प्लॅस्टिकचे बंधक लावून वस्तू सांधावयाची, मग भट्टीत बंधक जाळून टाकून छिद्रांत तांबे किंवा कासे मुरवावयाचे. दुसरी म्हणजे लवकर वितळणारा व उशिरा वितळणारा अशा दोन धातूंचे मिश्रण घ्यावयाचे. म्यूनिकजवळच्या ईओएस या कंपनीने १९९५ साली बाजारात आणलेले धातुयंत्र कासे व निकेल यांवर आधारलेल्या अशाच चूर्णावर चालत असे.

आखेनचे पेटंट : जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर लेसर तंत्रविद्या संस्थेच्या विल्हेल्म मायनर्स, कॉनराड व्हिसेनबाख व आंद्रेस गासर यांनी २ डिसेंबर १९९६ रोजी केलेल्या अर्जाने हे चित्र पालटले. आज धातूच्या मुद्रणात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत मूलतः हीच होय. तिचे जर्मन पेटंट १२ फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १० एप्रिल २००१ रोजी ते मंजूर झाले. परीक्षणाच्या दृष्टीने हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यातील एकही घटक सुटा पाहिला असता नवा नव्हता. चूर्णाचा थर पसरणे डेकार्ड यांच्याकडे होते, लेसर सर्वांकडे होता, संरक्षक वायू तर वितळजोडकामात कित्येक दशके वापरात होता.

पेटंट-परीक्षणात नावीन्य व कल्पकता या दोन कसोट्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. नावीन्याची कसोटी सोपी : दाव्यातील सर्व घटक एकाच पूर्वप्रसिद्ध लेखात सापडतात काय? आखेनच्या दाव्यात चार अटी एकत्र होत्या. चूर्णात बंधक किंवा अभिवाह (वितळण्यास साहाय्य करणारा पदार्थ) मुळीच नसावा. लेसरची ऊर्जा एवढी असावी की थर आपल्या संपूर्ण जाडीत वितळेल. शलाका अनेक पट्ट्यांत फिरावी व प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलेला असावा. आणि वितळणाऱ्या जागेवर संरक्षक वायूचे आवरण असावे. पूर्वीच्या ज्या वाटा वर सांगितल्या, त्यांतील बंधकयुक्त चूर्णाची रीत व दोन धातूंची रीत पहिल्या दोन अटींतच गळून पडतात.

कल्पकतेची कसोटी मात्र अवघड असते. त्या विषयातील सामान्य जाणकाराला ही पायरी सहज सुचली असती काय, असा तो प्रश्न आहे. ‘कण नीट सांधले जात नाहीत तर लेसरची शक्ती वाढवा, म्हणजे ते वितळतील’ हे कोणत्याही कारागिरास सुचेल, असा आक्षेप येथे घेता येतो व तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर तत्कालीन लेखांतच सापडते. शक्ती वाढविली तर गोळे होतात हे जाणकारांस ठाऊक होते आणि म्हणूनच ते बंधक व मिश्रणे यांच्या मागे लागले होते. सर्व जाणकार ज्या वाटेने जाण्याचे टाळीत होते, ती वाट एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांनी व संरक्षक वायूने चालण्याजोगी करणे, हे कल्पकतेचे लक्षण मानता येते. पूर्वप्रसिद्ध ज्ञान अर्जदाराच्या विरुद्ध जाते हे सर्वश्रुत आहे. ते कधी कधी त्याच्या बाजूनेही साक्ष देते ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते.

भारतातील परीक्षण : भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखाली ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याचे अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. भारतातील हा पहिला पेटंट-अर्ज होय. ब्रिटिश राजसत्तेची पूर्वसंमती न घेतल्याच्या कारणावरून तो कायदा पुढल्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने करण्यात आला. या कायद्यांत तांत्रिक परीक्षण असे फारसे नव्हते. पेटंट नियंत्रक हे पद १९११ च्या कायद्याने निर्माण झाले. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्यासारख्या मुंबईच्या हुन्नरी शोधकाने आपल्या मुद्राक्षर ओतण्याच्या यंत्रासाठी इंग्लंड व अमेरिका गाठली. बाजारपेठ व भांडवल तेथे असल्याने तेथील पेटंटाचे मोल मोठे होते.

स्वातंत्र्यानंतर न्या. बक्षी टेकचंद यांची समिती (१९४८–५०) व न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल (१९५९) यांनी या विषयाची मूलगामी छाननी केली. भारतातील बहुतेक पेटंटे परदेशीयांच्या हाती असून त्यांतील फारच थोड्यांचा भारतात प्रत्यक्ष वापर होतो, हे अय्यंगारांनी आकडेवारीने दाखवून दिले. त्यावरून झालेला पेटंट अधिनियम १९७० हा २० एप्रिल १९७२ रोजी अंमलात आला. औषधे व अन्न यांच्या बाबतीतील त्याच्या तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली आहे. परीक्षणाच्या बाबतीत त्याने केलेला बदल तितका प्रसिद्ध नाही. या अधिनियमाच्या तेराव्या कलमान्वये परीक्षकाने केवळ १९१२ पासूनची भारतीय वर्णनपत्रे पाहून भागत नाही. तो शोध भारतात किंवा अन्यत्र कोठेही, कोणत्याही लेखात पूर्वी प्रसिद्ध झाला आहे काय, हेही त्याने शोधावयाचे असते.

कलम लिहिणे सोपे होते, पण जगातील लेख आणावयाचे कोठून? या गरजेच्या संदर्भातच नागपूरची कामगिरी पाहावयास हवी. कायदा अंमलात आल्यानंतर तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारने नागपूर येथे पेटंट माहिती प्रणाली हे केंद्र स्थापन केले. निरनिराळ्या देशांची पेटंट वर्णनपत्रे व तत्संबंधी वाङ्मय जमविणे, मागणीप्रमाणे शोध घेऊन देणे व वर्णनपत्रांच्या प्रती पुरविणे हे त्याचे काम होते. सेमिनरी हिल्स भागातील केंद्रीय कार्यालयांच्या संकुलात ते अनेक वर्षे होते. संगणकपूर्व काळात असा शोध म्हणजे वर्गीकरणाच्या सूचींतून क्रमांक काढणे, त्या क्रमांकांची वर्णनपत्रे शोधणे, भाषा जर्मन किंवा जपानी असेल तर निदान आकृत्यांवरून अंदाज बांधणे, असे किचकट काम असे. कलकत्ता, मुंबई, मद्रास व दिल्ली येथील कार्यालयांत अर्जांवर निर्णय होत. नागपुरात एकही अर्ज मंजूर होत नसे. देशातील पूर्वज्ञानाचे कोठार मात्र तेथे होते.

पूर्वज्ञान व कल्पकता यांचा भारतातील सर्वांत गाजलेला निवाडा योगायोगाने धातूच्या भांड्यांविषयीचा आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या संस्थेने भांडी यंत्रावर पक्की धरून त्यांना झिलई देण्याच्या साधनाचे व रीतीचे पेटंट १९५१ च्या अर्जावर मिळविले होते. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिस्पर्धी पेढीने त्यास आव्हान दिले. अलाहाबाद उच्च न्यायालयातील चढउतारांनंतर सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी ते पेटंट अवैध ठरविले. आधीच माहीत असलेल्या दाबदांड्याचा उपयोग भांडे धरण्यासाठी करणे ही कार्यशाळेतील नेहमीची सुधारणा होय, शोध नव्हे, असे न्या. सरकारिया यांच्या निकालाचे सार आहे. परीक्षण होऊन पेटंट मिळाले एवढ्यावरून ते वैध असल्याची हमी मिळत नाही, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. लेसर व चूर्ण यांच्या अर्जांवरील भारतीय आक्षेपांत हा भांड्यांचा निवाडा आजही आधारभूत असतो.

लेखी पुराव्याचे महत्त्व सामान्य वाचकास उमगले ते मात्र हळदीच्या प्रकरणाने. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक, मूळचे गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने परिषदेने १९९६ मध्ये फेरपरीक्षणाची मागणी केली. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ हे म्हणणे कोणत्याही पेटंट कार्यालयात पुरेसे ठरत नाही. प्रसिद्ध लेख हवा. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले, त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. नागपूरच्या केंद्रासारख्या संग्रहाचे मोल अशाच वेळी ध्यानात येते.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानंतर भारतीय कायद्यात १९९९, २००२ व २००५ असे तीनदा बदल करण्यात आले. ७ डिसेंबर १९९८ रोजी भारत पॅरिस करारात व पेटंट सहकार करारात सामील झाला. २० मे २००३ पासून सर्व पेटंटांची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे झाली आणि परीक्षण आपोआप न होता अर्जदाराच्या विनंतीवरून होऊ लागले. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो व २००५ पासून मंजुरीपूर्वी कोणासही, मंजुरीनंतर एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीस, त्यास विरोध नोंदविता येतो.

अशा अर्जाची तपासणी : धातुचूर्ण-लेसर पद्धतीचा अर्ज भारतीय परीक्षकाकडे येतो तेव्हा प्रथम त्याचा वर्ग ठरतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चूर्ण धातुकामाचा वर्ग ‘बी २२ एफ’ हा असून २०१५ पासून थर-निर्मितीसाठी ‘बी ३३ वाय’ हा स्वतंत्र उपवर्ग जोडलेला आहे. त्यापूर्वीच्या अर्जांत हे साहित्य वितळजोडकाम, ओतकाम, लेपन अशा अनेक वर्गांत विखुरलेले असल्यामुळे शोध घेताना जुन्या वर्गांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. सिरो यांचे वर्णनपत्र ‘मुद्रण’ हा शब्द टाकून कोणास सापडणार नाही. त्यानंतर तिसऱ्या कलमातील अपवाद पाहिले जातात. ज्ञात प्रक्रियेचा निव्वळ वापर हा शोध नव्हे, मात्र तीतून नवे उत्पादन निघत असेल किंवा तीत निदान एक नवा अभिक्रियाकारक असेल तर गोष्ट निराळी, असे तेथे म्हटले आहे. स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ जुळणी किंवा निव्वळ संगणक-कार्यक्रम यांनाही संरक्षण नाही. शलाका कोणत्या क्रमाने व कोणत्या दिशेने फिरवावी एवढेच जर अर्जात असेल, तर तो गणिती रीतीचा किंवा संगणक-कार्यक्रमाचा अर्ज आहे असा आक्षेप येतो. त्या क्रमामुळे धातूतील अंतर्गत ताण किंवा छिद्रे प्रत्यक्ष कमी होतात असे दाखविता आले तर अर्जाची बाजू भक्कम होते.

वर्णनाचा पुरेपणा ही आणखी एक कसोटी असून या विषयात ती विशेष कडक लावणे इष्ट आहे. लेसरची शक्ती, शलाकेचा वेग, पट्ट्यांतील अंतर व थराची जाडी या चार राशी मिळून धातूला एकक घनफळामागे किती ऊर्जा मिळते हे ठरते. ‘योग्य शक्ती’, ‘पुरेसा वेग’ असे लिहून भागविलेल्या अर्जावरून कोणी कारागीर ती वस्तू बनवू शकणार नाही आणि मुदत संपल्यावर समाजाच्या हाती काहीच पडणार नाही. पहिला परीक्षण अहवाल निघाल्यावर अर्जदारास आक्षेपांची पूर्तता करण्यासाठी सहा महिने व मागणी केल्यास आणखी तीन महिने मिळतात. मतभेद राहिल्यास नियंत्रकापुढे सुनावणी होते. बहुतेक अर्जांत दावे याच टप्प्यावर आकसतात. पेटंट मिळाले की नाही यापेक्षा पहिला दावा मुळात किती शब्दांचा होता व अखेर किती शब्दांचा झाला हे पाहणे अधिक उद्बोधक असते, कारण अटींचा प्रत्येक वाढीव शब्द म्हणजे इतरांसाठी मोकळी झालेली जागा होय.

या कामासाठी मनुष्यबळ दीर्घकाळ अपुरे होते. २०१६ च्या सुमारास देशात दोन लाखांहून अधिक अर्ज परीक्षणाच्या प्रतीक्षेत होते. त्या वेळी साडेचारशेहून अधिक नवे परीक्षक एकदम भरती करण्यात आले व त्यांचे प्राथमिक प्रशिक्षण नागपूर येथेच झाले. तोपर्यंत जुनी पेटंट माहिती प्रणाली व तेथेच निघालेली बौद्धिक संपदा प्रशिक्षण संस्था यांना एकत्र आणून राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था उभी राहिली होती. सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज मार्गावर तिची इमारत आहे. वर्णनपत्रांचे कागदी संग्रह संगणकीय संचांपुढे मागे पडले, तसे या संस्थेचे मुख्य काम माणसे घडविण्याचे झाले. रसायन, यांत्रिकी, धातुविज्ञान या विषयांचे पदवीधर येथे दावा वाचावयास शिकतात. दावा वाचणे हे कविता वाचण्याहून फारसे सोपे नाही. स्वल्पविराम कोठे पडला यावर त्यात पुष्कळ काही अवलंबून असते. १५ ऑक्टोबर २०१३ पासून भारतीय पेटंट कार्यालय पेटंट सहकार कराराखालील आंतरराष्ट्रीय शोधसंस्था म्हणूनही काम करू लागले. त्यामुळे येथे शिकलेल्या परीक्षकाचा शोध-अहवाल परदेशांतील कार्यालयांतही वाचला जाऊ लागला.

नागपूर किंवा कोराडीच्या अर्जदाराचे अधिकृत कार्यालय मात्र नागपूर नव्हे, मुंबई हे आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा हा भाग मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो. अर्ज संगणकीय रीतीने दाखल होत असल्यामुळे व परीक्षणासाठी तो देशातील कोणत्याही कार्यालयातील परीक्षकाकडे सोपविला जाऊ शकत असल्यामुळे ही गैरसोय पूर्वीइतकी जाणवत नाही. १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी परीक्षणाची विनंती करण्याची मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांवरून एकतीस महिन्यांवर आणली आहे.

आखेनच्या जर्मन पेटंटाची वीस वर्षे डिसेंबर २०१६ मध्ये संपली. डेकार्ड यांच्या परिवारातील महत्त्वाची अमेरिकी पेटंटे २०१४ पर्यंत संपली होती. मूळ रीत आता सर्वांची आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रविद्या केंद्रात आणि मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत थर-निर्मितीवर दीर्घकाळ काम चालले आहे. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्ही या वाहकाच्या चौथ्या टप्प्याचे चूर्ण-लेसर पद्धतीने बनविलेले एंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वी चौदा भाग जोडून ते होत असे, आता तो एकच भाग आहे. एकोणीस वितळसांधे वाचले. आणि जेथे ५६५ किग्रॅ. घडीव धातू लागत होता, तेथे १३·७ किग्रॅ. चूर्ण पुरले. मूळ पेटंटे संपली म्हणून परीक्षकांचे काम कमी झालेले नाही. नवे अर्ज चूर्णाच्या कणांचा आकार, अनेक शलाकांचा एकाच वेळी वापर, वितळलेल्या धातूच्या डबक्यावर कॅमेऱ्याने ठेवलेली नजर आणि झिजलेल्या पात्यांवर चढविण्याचे मिश्रधातू यांच्यासंबंधी असतात. अशा प्रत्येक अर्जापुढे हाउसहोल्डर, डेकार्ड व आखेन यांची वर्णनपत्रे आता पूर्वप्रसिद्ध ज्ञान म्हणून उभी असतात.